पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत!

जूनचा पाऊस सुरू झालेला असतो, मासेमारीबंदीमुळे होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि अशाच दिवसांत रायगडच्या किनारपट्टीवरील शेकडो घरांत एका निकालाची वाट पाहिली जाते. अभियांत्रिकी प्रवेशासाठीच्या एमएचटी-सीईटीचा पीसीएम गटाचा निकाल २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी १६ जूनला लागला. संकेतस्थळ उघडले की समोर एक आकडा येतो. त्यात दशांशचिन्हापुढे सात अंक असतात. अलिबागच्या, मुरूडच्या किंवा श्रीवर्धनच्या पालकाच्या तोंडून निघणारा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : म्हणजे किती मार्क मिळाले?

या प्रश्नाचे उत्तर त्या निकालपत्रात नसते. तेथे गुण नसतातच, असते ते पर्सेंटाइल. बारावीच्या गुणपत्रिकेवर टक्के पाहण्याची सवय असलेल्या घराला हे दोन शब्द सारखे वाटतात आणि घोटाळ्याला सुरुवात होते. ८५ पर्सेंटाइल मिळवलेल्या मुलाचे पेढे वाटले जातात आणि प्रवेशाच्या पहिल्या फेरीनंतर त्याच घरात शोककळा पसरते. उलट ६० पर्सेंटाइल मिळालेल्या मुलीला ‘नापास’ ठरवून घरी बसवण्याची भाषा होते, तिच्यासाठी अनेक महाविद्यालयांची दारे उघडी असतानाही. हा केवळ शब्दांचा गोंधळ नाही. हजारो मुलांच्या आयुष्याची दिशा ज्या आकड्यावर ठरते, तो कसा तयार होतो हे समजून घेणे त्यामुळे अगत्याचे आहे.

एक परीक्षा, अनेक प्रश्नपत्रिका

मुळात पर्सेंटाइलची गरज का पडली? २०१८पर्यंत राज्याची सीईटी कागदावर आणि एकाच दिवशी होत असे. सर्वांना एकाच काठिण्याची प्रश्नपत्रिका असल्याने गुणांची थेट तुलना शक्य होती. २०१९पासून ही परीक्षा संगणकावर सुरू झाली. लाखो विद्यार्थ्यांना एकाच वेळी बसवता येतील इतके संगणक आणि इतकी केंद्रे राज्यात उपलब्ध नाहीत. म्हणून परीक्षा अनेक दिवस, सकाळ-दुपारच्या सत्रांत घेतली जाते आणि प्रत्येक सत्राला निराळी प्रश्नपत्रिका असते. ती काढणारे तज्ज्ञ कितीही निष्णात असले तरी दोन प्रश्नपत्रिका तंतोतंत सारख्या अवघड असू शकत नाहीत. सोप्या सत्रातील १४० गुण आणि अवघड सत्रातील १२५ गुण यांत मोठे कोणते, हे नुसते आकडे पाहून सांगता येत नाही.

यावर उपाय म्हणून गुणांऐवजी क्रमाची तुलना केली जाते. किनाऱ्यावरच्या वाचकांना शिडाच्या होड्यांच्या शर्यतीचे उदाहरण चटकन पटेल. शंभर होड्यांची शर्यत दोन दिवसांत घ्यायची आहे. पहिल्या दिवशी वारा अनुकूल आहे, दुसऱ्या दिवशी पडलेला आहे. दोन्ही दिवसांच्या वेळा शेजारी ठेवून विजेता ठरवणे हा उघड अन्याय होईल. पण त्या त्या दिवशी वारा सगळ्यांना सारखाच होता. म्हणून वेळ न पाहता ‘आपल्या दिवशी किती होड्या मागे टाकल्या’ एवढेच पाहिले, तर तुलना बऱ्याच अंशी न्याय्य होते. पर्सेंटाइलचे तत्त्व नेमके हेच आहे.

सूत्र सोपे, अर्थ खोल

सूत्र असे : आपल्या सत्रात आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुण मिळवणाऱ्यांची संख्या घ्यायची, तिला त्या सत्रात परीक्षा दिलेल्या एकूण विद्यार्थ्यांच्या संख्येने भागायचे आणि शंभराने गुणायचे. समजा, मुरूडच्या एका मुलीला अवघड सत्रात २००पैकी १२४ गुण मिळाले. त्या सत्रात २० हजार विद्यार्थी होते आणि त्यांपैकी १८ हजार ४०० जणांना १२४ किंवा त्याहून कमी गुण आहेत. तिचे पर्सेंटाइल ९२. रोह्याच्या एका मुलाला सोप्या सत्रात १३८ गुण मिळाले; तेथेही २० हजार विद्यार्थी, पण १३८ किंवा त्याहून कमी गुण मिळवणारे १८ हजार २००. त्याचे पर्सेंटाइल ९१. चौदा गुण कमी असूनही मुलगी पुढे आहे, आणि या पद्धतीच्या तर्कानुसार ते योग्यच आहे.

यातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, प्रत्येक सत्रात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला शंभर पर्सेंटाइल मिळते, मग त्याचे गुण २०० असोत वा १८८. ‘शंभर पर्सेंटाइल’ म्हणजे पैकीच्या पैकी गुण नव्हेत. दुसरी, सात दशांश स्थळे ही अचूकतेची खूण नाही. २० हजारांच्या सत्रात एक विद्यार्थी म्हणजे ०.००५ पर्सेंटाइल. त्यापुढचे अंक समान आकडे शक्य तितके टाळण्यासाठी आहेत, मुलाच्या बुद्धिमत्तेचे मोजमाप म्हणून नव्हेत. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, पर्सेंटाइल आपल्याविषयी जेवढे सांगते तेवढेच इतरांविषयीही सांगते. आपण किती लिहिले यावर नव्हे, तर इतरांच्या तुलनेत किती लिहिले यावर ते ठरते.

आता हा आकडा रांगेत कोठे उभे करतो ते पाहू. २०२५मध्ये पीसीएम गटाची परीक्षा सुमारे ४ लाख २२ हजार विद्यार्थ्यांनी दिली. म्हणजे एक पर्सेंटाइल म्हणजे सुमारे ४ हजार २०० विद्यार्थी. ९९ आणि ९८ यांतील फरक घरच्यांना किरकोळ वाटतो, प्रत्यक्षात त्या एका अंकामध्ये एक अख्खे गाव मावते. ९२ पर्सेंटाइलच्या मुलीपुढे जवळजवळ ३४ हजार विद्यार्थी असतात. मुंबई-पुण्यातील नामांकित महाविद्यालयाची संगणकशास्त्राची जागा तिला का मिळत नाही, याचे उत्तर येथे आहे. दुसऱ्या बाजूला ६० पर्सेंटाइलवाल्या मुलीपुढे सुमारे १ लाख ६९ हजार विद्यार्थी असतात आणि राज्यात अभियांत्रिकीच्या जागा त्या वर्षी दोन लाखांच्या घरात होत्या. पुढचे सगळेच प्रवेश घेत नाहीत, हेही लक्षात घेतले तर ‘६० म्हणजे काठावर पास’ ही समजूत किती चुकीची आहे ते कळते. खुल्या प्रवर्गासाठी बारावीत संबंधित विषयांत ४५ टक्के, राखीव प्रवर्गासाठी ४० टक्के आणि सीईटीत शून्यापेक्षा जास्त गुण, ही पात्रतेची मुख्य अट आहे. पर्सेंटाइलला उत्तीर्ण-अनुत्तीर्ण अशी रेषाच नाही.

गणिताचे वजन आणि कोऱ्या उत्तरांचा तोटा

पीसीएम गटात गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे. भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५० प्रश्न एका गुणाचे. एकूण २०० गुणांत निम्मा वाटा एकट्या गणिताचा. दोन विज्ञान विषयांत उत्तम असलेले मूल गणितात अडखळले की मागे पडते ते यामुळे. सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीच्या आणि ८० टक्के बारावीच्या अभ्यासक्रमावर असतात.

या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. चार पर्यायांपैकी डोळे मिटून एक निवडत गेले तरी संभाव्यतेच्या नियमाने दीडशे प्रश्नांत सरासरी २००पैकी ५० गुण पडतात. रांगेतील बहुतेक जण प्रत्येक प्रश्नाला काही ना काही उत्तर देत असताना एखाद्या प्रामाणिक मुलाने ‘येत नाही’ म्हणून तीस प्रश्न कोरे सोडले, तर त्याने स्वतःलाच शेकडो क्रमांक मागे ढकललेले असते. शहरातील शिकवणी वर्गांत हे पहिल्याच आठवड्यात सांगितले जाते. जेथे असा वर्ग नाही तेथे ते कोण सांगणार?

आणखी एक गैरसमज वारंवार आढळतो. निकालपत्रावर विषयवार पर्सेंटाइल आणि एकूण पर्सेंटाइल असे निरनिराळे आकडे असतात. पालक तिन्ही विषयांची सरासरी काढतात, ती एकूणशी जुळत नाही आणि निकालात चूक असल्याची शंका घेतली जाते. एकूण पर्सेंटाइल ही सरासरी नसते. ते एकूण गुणांवरून स्वतंत्रपणे काढले जाते. तिन्ही विषयांत दहा टक्के मुलांच्या मागे असलेला विद्यार्थी एकूण गुणांत कदाचित सातच टक्के मुलांच्या मागे असेल, कारण तिन्ही विषयांत सारखेच चांगले असणारे थोडे असतात. दोघांचे एकूण पर्सेंटाइल सारखे आले तर विषयवार पर्सेंटाइलचा उपयोग होतो.

गृहीतक डळमळते तेव्हा

येथवर पद्धत निर्दोष वाटते. परंतु होड्यांच्या उदाहरणातच तिची खरी मेख आहे. पहिल्या दिवशी सगळे कसलेले नाखवे आणि दुसऱ्या दिवशी सगळे नवशिके उतरले तर? दुसऱ्या दिवसाचा पहिला आणि पहिल्या दिवसाचा पहिला यांना सारखे मानता येणार नाही. म्हणजे पर्सेंटाइलमधील न्याय एका गृहीतकावर उभा आहे : प्रत्येक सत्रातील विद्यार्थ्यांचा समूह गुणवत्तेने सर्वसाधारणपणे सारखा असला पाहिजे. समूह मोठे असतील आणि विद्यार्थ्यांचे सत्रांत वाटप कोणताही निकष न लावता, चिठ्ठ्या टाकल्यासारखे झाले असेल, तर हे गृहीतक टिकते. समूह लहान असेल किंवा विशिष्ट कारणाने वेगळा काढलेला असेल, तर ते डळमळते.

याचा अनुभव राज्याने घेतला आहे. २०२० हे वर्ष आठवावे. ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, अलिबाग परिसरातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांवरची छपरे उडाली, अनेक गावे दीर्घकाळ अंधारात राहिली. करोनामुळे पुढे ढकललेली सीईटी त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये झाली आणि १२ ऑक्टोबरला मुंबई महानगर परिसराचा वीजपुरवठाच कोलमडला. वीज, अतिवृष्टी आदी कारणांनी परीक्षा हुकलेल्यांसाठी जादा सत्राची सोय करावी लागली. माणुसकीच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता. मात्र संकटात सापडलेल्यांचे सत्र हे गणिताच्या भाषेत चिठ्ठ्या टाकून निवडलेले सत्र नसते. तेथील ९० पर्सेंटाइल आणि नेहमीच्या सत्रातील ९० पर्सेंटाइल यांची किंमत एकच, असे छातीठोकपणे सांगता येत नाही.

२०२५मध्ये निराळा प्रसंग घडला. २७ एप्रिलच्या सकाळच्या सत्रात गणिताच्या ५०पैकी २१ प्रश्नांच्या पर्यायांत चुका असल्याचे उघड झाले आणि सुमारे २७ हजार विद्यार्थ्यांची फेरपरीक्षा ५ मे रोजी घेण्यात आली. चूक गंभीर होती. पण दुरुस्तीचा मार्ग शास्त्रशुद्ध होता. त्या सत्रातील सर्वच विद्यार्थ्यांना पुन्हा बसवल्याने समूह अखंड राहिला आणि पर्सेंटाइलचा पाया शाबूत राहिला. चुकीच्या प्रश्नांचे सरसकट गुण वाटले असते, तर ज्यांनी त्या प्रश्नांशी झुंजण्यात वेळ घालवला त्यांचे नुकसान भरून निघाले नसते. अर्थात केंद्रावर पुन्हा जाण्याचा खर्च आणि मनस्ताप कोणत्याही सूत्रात धरला जात नाही. तो पालकाच्या खिशातून गेला.

एकच सत्र हा उपाय?

मग सगळ्यांची परीक्षा एकदमच का घेऊ नये? हा प्रश्न देशभर विचारला जात आहे. नोव्हेंबर २०२४मध्ये प्रयागराजमध्ये उत्तर प्रदेश लोकसेवा आयोगाच्या उमेदवारांनी अनेक सत्रे आणि त्यापाठोपाठ येणारे ‘नॉर्मलायझेशन’ यांविरोधात रस्त्यावर ठिय्या दिला आणि आयोगाला पूर्वपरीक्षा एका दिवसात घेण्याचे मान्य करावे लागले. ३० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशाची नीट-पीजी दोन सत्रांऐवजी एकाच सत्रात घेण्याचा आदेश दिला. दोन प्रश्नपत्रिका कधीच समान काठिण्याच्या असू शकत नाहीत आणि समानीकरण ही नित्याची नव्हे, अपवादाची बाब असावी, असा न्यायालयाचा रोख होता. परीक्षा ३ ऑगस्टपर्यंत लांबली. पण एकाच सत्रात झाली.

तथापि एकच सत्र म्हणजे सर्व दुखण्यांवर औषध नव्हे. वैद्यकीय पदवीप्रवेशाची नीट २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी एकाच दिवशी कागदावर झाली; ७२० गुण, बरोबर उत्तराला चार, चुकीच्या उत्तराला एक वजा. तेथे गुण थेट दिसतात आणि पर्सेंटाइल केवळ पात्रतेपुरते वापरले जाते. अलिबागच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जाऊ पाहणाऱ्या मुलाला आपण कोठे आहोत हे त्यामुळे नेमके कळते. पण त्याच नीटने २०२४मध्ये देशाला हादरवले. प्रश्नपत्रिका फुटल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. वेळ वाया गेल्याबद्दल १ हजार ५६३ विद्यार्थ्यांना दिलेले वाढीव गुण मागे घेऊन त्यांना २३ जूनला फेरपरीक्षेचा पर्याय द्यावा लागला. लाखो मुलांसाठी एकच प्रश्नपत्रिका छापून वाहून नेण्यात फुटीचा धोका आहे. अनेक सत्रांत तुलनेचा. कोणता धोका पत्करायचा आणि तो कसा आटोक्यात ठेवायचा, एवढाच प्रश्न उरतो.

महाराष्ट्राला हा शोध नवा नाही. अकरावी प्रवेशासाठी निरनिराळ्या मंडळांचे गुण एका पातळीवर आणण्याचे पर्सेंटाइल सूत्र २००८मध्ये उच्च न्यायालयात टिकले नाही. २०१४ व २०१५मध्ये राज्याने अभियांत्रिकीसाठी जेईई-मेन आणि बारावीचे गुण निम्मे-निम्मे धरण्याचा प्रयोग केला; २०१६मध्ये पुन्हा सीईटी आली. बारावीला ५० टक्के वजन देण्याची घोषणा २०२२मध्ये झाली. ती प्रत्यक्षात उतरली नाही. दर काही वर्षांनी मोजपट्टी बदलते. बदलाचे कारण मात्र सामान्य पालकापर्यंत पोहोचत नाही.

दोन संधी आणि एक नवा प्रश्न

सर्वांत ताजा बदल म्हणजे २०२६-२७च्या प्रवेशांसाठी एप्रिल आणि मे अशा दोन संधी देण्याचा, २०२५च्या अखेरीस जाहीर झालेला निर्णय. पहिली अनिवार्य, दुसरी ऐच्छिक आणि दोहोंतील चांगले पर्सेंटाइल ग्राह्य. एका दिवसाच्या तापाने वर्ष वाया जाऊ नये, हा हेतू स्वागतार्हच आहे. पण दुसऱ्या परीक्षेला कोण बसेल? पहिल्यात ९९.९ मिळालेला बहुधा येणार नाही. निराश झालेलाही येणार नाही. मधला, सुधारणेच्या आशेने महिनाभर पुन्हा घासलेला विद्यार्थी येईल. म्हणजे दोन शर्यतींतील होड्या सारख्या नसतील. अशा वेळी दुसऱ्या परीक्षेचे ९५ आणि पहिल्याचे ९५ एकाच यादीत शेजारी बसवणे कितपत योग्य, याचे उत्तर आकडेवारीनेच द्यावे लागेल. जेईई-मेनमध्येही २०१९पासून हाच प्रश्न आहे.

शिवाय दुसरी संधी सर्वांना सारख्याच किमतीला मिळत नाही. परीक्षा केंद्र घराजवळ असलेल्या शहरी मुलासाठी ती एक रविवार असते. दिवेआगर किंवा बोर्ली-पंचतनच्या मुलाला केंद्र दूरच्या शहरात मिळाले, तर त्याच परीक्षेसाठी आदल्या दिवशी निघावे लागते, सोबत घरातील एक माणूस, मुक्काम आणि बुडालेली मजुरी. किनाऱ्यावरच्या मुलासाठी अभियांत्रिकी शिकणे म्हणजे तसेही बहुधा घर सोडणेच असते. जिल्ह्यात लोणेरे येथे १९८९पासूनचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, तेथील जागेसाठीही स्पर्धा राज्यभराची आहे. संधी दोन केल्या म्हणून त्या समान होत नाहीत.

विश्वास आकड्यांनीच निर्माण होईल

जून २०२४च्या निकालानंतर पर्सेंटाइलवरून राजकीय वादळ उठले. आदित्य ठाकरे यांनी गुण आणि उत्तरपत्रिका खुल्या करण्याची मागणी लावून धरली. राजकारण बाजूला ठेवले तरी मागणीच्या मुळाशी असलेली अस्वस्थता खरी होती. जो आकडा स्वतः पडताळून पाहता येत नाही, त्यावर भरवसा कसा ठेवायचा? उत्तरसूची पाहून आक्षेप नोंदवण्याची सोय विद्यार्थ्याला असते आणि आपले गुण त्याला मोजता येतात. पण गुणांपासून पर्सेंटाइलपर्यंतचा प्रवास त्याच्या नजरेआड होतो, कारण इतरांचे गुण त्याच्यापुढे नसतात.

हा पडदा दूर करणे अवघड नाही. राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाने निकालपत्रावर मूळ गुण छापावेत. सोबत त्या सत्रात किती जण बसले, सर्वाधिक आणि सरासरी गुण किती, हे द्यावे. आणि प्रत्येक सत्रात किती गुणांना किती पर्सेंटाइल मिळाले याचा तक्ता सर्वांसाठी खुला करावा. यात कोणाचेही नाव उघड होत नाही, गोपनीयतेला धक्का लागत नाही. उलट सत्रासत्रांतील सरासरी फारशी वेगळी नसेल, तर गृहीतक टिकले हे आपोआप सिद्ध होईल. वेगळी असेल, तर ते कळण्याचा हक्क विद्यार्थ्यांना आहे.

तोवर पालकांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे. निकाल लागल्यावर ‘किती टक्के’ असे विचारू नये. ‘पुढे किती जण’ असे विचारावे. गेल्या वर्षीचा कट-ऑफ पाहताना विद्यार्थ्यांची आणि जागांची संख्या बदललेली असते, हे विसरू नये. शिकवणी वर्गांच्या फलकावरचे ९९चे आकडे पाहून आपल्या मुलाच्या ७०ला लाज मानू नये. आणि महाविद्यालयांचे पसंतीक्रम भरताना हुरळून वा खचून न जाता हातातील आकड्याचा अर्थ लावून मगच क्रम ठरवावा. मुलाचे वर्ष परीक्षेत जितके वाया जाते, त्याहून अधिक वेळा ते निकाल चुकीचा वाचल्याने वाया जाते.